बुलेटचा उजेड वाढवायचाय? आधी असलेला उजेड कुठे गळतोय ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ सालची क्लासिक ३५० बुलेट, मूळचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब (अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला ६०, आणि डिपरला, म्हणजे खाली झुकलेल्या उजेडाला ५५), पाटणहून चिपळूणला नोकरीसाठी जा-ये, आणि दुसरी पाळी संपली की रात्री कुंभार्ली घाट. समोरून गाडी आली, तुम्ही डिपर मारला की पुढे नुसता काळोख. दुकानदार म्हणतो १००/९० चा बल्ब टाका. मित्र म्हणतो एलईडी बल्ब टाका. ऑनलाइन सात इंची एलईडीचा अख्खा गोल डूम, म्हणजे काच आणि रिफ्लेक्टरसकट हेडलाइट, दिसतोय. यातला सगळ्यात प्रखर कुठला, असं तुम्ही विचारलंय.

मी कराडला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. बुलेट आणि जुन्या जीपच जास्त येतात, त्यामुळे हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकतो. सगळ्यात प्रखर कुठला हे सांगणं सोपं आहे, पण तुमचं दुखणं ते नाही. तुमचं वाक्य पुन्हा वाचा: अप्परबद्दल तुमची तक्रारच नाही, डिपरवर दिसत नाही ही तक्रार आहे. म्हणजे बल्बातून उजेड किती निघतो यापेक्षा डिपरचा उजेड रस्त्यावर कुठे पडतो आणि किती लांब पोचतो, हा खरा प्रश्न. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. दुकानात मात्र दोन्हींवर एकच डबी पुढे सरकवतात.

किती लांब दिसायला हवं, ते आधी बघू. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. काहीतरी दिसलं, मेंदूत शिरलं आणि हात-पाय ब्रेकवर गेले, यात दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून २८ मीटरच्या आसपास, ओल्या रस्त्यावर ४०. म्हणजे घाटात पावसात ६० ने चालायचं तर ६०-६५ मीटर पुढचं दिसलं पाहिजे. आता डूमची उंची बघा. बुलेटवर बसल्यावर डूमचा मध्य जमिनीपासून साधारण १ मीटरवर येतो. डिपरच्या उजेडाची वरची कड १ टक्का खाली झुकलेली असेल, म्हणजे दर १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर, तर ती १०० मीटरवर रस्त्याला टेकते. २ टक्के झुकली तर ५० मीटरवर. ४ टक्के झुकली तर २५ मीटरवर, आणि २५ मीटर तर तुमच्या विचार करण्यातच संपतात. माझ्याकडे ‘उजेड कमी आहे’ म्हणून येणाऱ्या बुलेटांपैकी बऱ्याच अशाच खाली मान घातलेल्या असतात. डूम उघडून बल्ब बदलताना कुणीतरी स्क्रू हलवलेला असतो आणि पुन्हा फोकस लावलेला नसतो. अशा गाडीत दुप्पट प्रखर बल्ब टाकला तर पुढच्या चाकासमोरचा तुकडा लख्ख होतो, डोळे त्या लख्ख तुकड्याला सरावतात आणि लांबचं आधीपेक्षा कमी दिसतं. गिऱ्हाईक मात्र खूश असतं, कारण खाली पांढरंफेक दिसतंय.

काही गोष्टी तुमची गाडी बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाहीत, आणि त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. पहिली, तुमच्या हेडलाइटला करंट बॅटरीवरून येतो की इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलवरून थेट. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि हेडलाइट लावा. लागला तर बॅटरीवर आहे, म्हणजे डीसी. लागला नाही, इंजिन चालू केल्यावरच लागला आणि रेस दिली तसा वाढत गेला, तर एसी. दहा-बारा वर्षांच्या गाडीत मधल्या कुणी मेकॅनिकने वायरिंग फिरवलेलं असू शकतं, त्यामुळे मॉडेलवरून अंदाज बांधू नका, लावून बघा. दुसरी गोष्ट, मागे कायम कुणी बसतं का. आणि तिसरी, रिफ्लेक्टर आतून कसा आहे. (२०१७ च्या एप्रिलनंतरच्या दुचाक्यांना हेडलाइट कायम चालू ठेवणं बंधनकारक झालं, त्यांना बंद करायचं बटणच नसतं. तुमची गाडी त्याआधीची आहे, बटण आहे, म्हणून ही तपासणी सोपी.)

आता व्होल्टेजकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त उजेड इथे वाया जातो आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. हॅलोजन बल्ब १३.२ व्होल्टला मोजतात. त्या व्होल्टेजला एच४ बल्ब, म्हणजे तुमचा हाच ६०/५५ चा प्रकार, अप्परवर साधारण १६५० आणि डिपरवर १००० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. पण फिलामेंटचा स्वभाव असा की व्होल्टेज जरासं उतरलं की उजेड धाडकन पडतो, जवळपास साडेतीनच्या घातात. १३.२ च्या जागी १२ व्होल्ट मिळाले, म्हणजे व्होल्टेज ९ टक्क्यांनी उतरलं, तर उजेड २७-२८ टक्क्यांनी घटतो. साडेअकरा मिळाले तर जवळजवळ ३७ टक्के उजेड गेला. शिवाय तो पिवळट, तांबूस पडतो.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, रेस आयडलपेक्षा बरीच वर, हेडलाइट डिपरवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.५ ते १४.४ च्या मध्ये काहीतरी मिळायला हवं. नाही मिळालं तर आधी चार्जिंग दुरुस्त करा, हेडलाइटचा विषय नंतर. मग डूम उघडा, बल्बला होल्डर लागलेलाच ठेवा आणि होल्डरच्या मागून डिपरच्या पिनवर आणि अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, पिनवर टोकं टेकवून मोजा. होल्डर काढून मोजू नका. बल्ब जोडलेला नसेल तर करंट वाहत नाही, मग खराब वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि तुम्ही फसता. टाकी भरलेली असूनही गंजलेल्या पाइपातून नळाला करंगळीएवढीच धार यावी, पण नळ बंद ठेवला तर दाब पुरेपूर जाणवावा, तसं ते आहे.

जुन्या बुलेटमध्ये बॅटरीवर १३.९ आणि होल्डरवर १२.१ असे आकडे मिळणं अजिबात नवलाचं नाही. मधले १.८ व्होल्ट चावीच्या स्विचमध्ये, हॅण्डलवरच्या अप्पर-डिपरच्या बटणात, डूममधल्या हिरवट गंज चढलेल्या कपलरांत (वायरींच्या जोडांत) आणि अर्थच्या वायरीत वाटले गेलेले असतात. अर्थ वेगळी तपासायची असेल तर मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसवर आणि लाल टोक होल्डरच्या अर्थवर ठेवा. हेडलाइट चालू असताना तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर नुसती अर्थची एक नवी वायर टाकूनच फरक दिसेल. गळती बंद करून होल्डरवर १३.४ आणले तर तोच ५५ वॅटचा बल्ब आधीपेक्षा ४० टक्के जास्त उजेड देतो. नवीन काही न घेता.

आणि याच वायरिंगवर दुकानदाराचा १००/९० लावला तर? ५५ वॅटला साधारण पावणेपाच अँपिअर लागतात, ९० वॅटला साडेसातच्या पुढे. वायर तीच, गंज तोच, म्हणून १.८ ची गळती पावणेतीन व्होल्टच्या घरात जाते. होल्डरवर ११ च्या आसपास उरतात. तिथे तो बल्ब आपल्या ताकदीच्या जेमतेम निम्मं देतो. हाती लागतो आधीपेक्षा फार तर वीस टक्के जास्त उजेड. पण वायर आणि बटणात जी उष्णता आधी ८-९ वॅटची होती, ती आता २० वॅटवर गेली. बटणाचं प्लास्टिक वितळून अप्परवरच अडकलेल्या, होल्डर काळा होऊन बल्बाला चिकटलेल्या गाड्या मी उघडत असतो. वर उष्णतेने रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा बल्बाच्या वरच्या बाजूला करपतो, आणि डिपरचा उजेड नेमका रिफ्लेक्टरच्या त्याच वरच्या अर्ध्या भागातून रस्त्यावर येतो. शिवाय घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, कमी रेसवर, चार्जिंग तेवढं भरत नाही. म्हणून १००/९० ला माझा नकार आहे. रिले, म्हणजे बटणाच्या किरकोळ करंटवर बॅटरीची जाड वायर जोडणारा स्विच, लावूनसुद्धा.

रिले मात्र लावाच, तुमचा हेडलाइट डीसीवर असेल तर. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, पुढे दोन रिले, एक अप्परचा, एक डिपरचा. रिलेच्या ३० नंबरवर बॅटरीची वायर, ८७ वरून होल्डरला, ८५-८६ मधल्या एकाला जुनी बटणाकडून आलेली वायर आणि दुसऱ्याला अर्थ. होल्डरची अर्थ वेगळ्या वायरने थेट बॅटरीच्या मायनसला न्या, चासीवर सोडू नका. स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून जाणारी अर्थ भरवशाची नसते. असं केलं की बटणातून फक्त रिले ओढण्यापुरता किरकोळ करंट जातो आणि बल्बाला बॅटरीचं व्होल्टेज जवळपास पूर्ण मिळतं. तयार हार्नेस, म्हणजे रिले-वायरींचे जोडलेले संचही मिळतात, सिरॅमिकचा होल्डर असलेला घ्या आणि वायर हातात धरून बघा. कव्हर जाड आणि आत तांब्याचे चार केस असा माल खूप येतो. रिले डूममध्ये कोंबू नका. सीटखाली किंवा टाकीखाली, पिना खालच्या बाजूला येतील असे बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. हेडलाइट एसीवर असेल तर हे जसंच्या तसं चालणार नाही, साधा डीसी रिले एसीवर नुसता थरथरतो. तेव्हा आधी बॅटरीवर घेता येतो का हे पाहावं लागतं, आणि ते रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलचा एसी बॅटरीसाठी डीसी करणारा डबा, किती पुरवतो यावर ठरतं. ते काम रस्त्याच्या कडेला करण्यासारखं नाही.

बल्ब चांगल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा, साधा ६०/५५ घ्या. ‘+१००’, ‘+१३०’ असं लिहिलेले बल्ब असतात, त्यांतही वॅट तेवढेच असतात, फिलामेंट बारीक आणि आटोपशीर असल्याने उजेडाचा गाभा लांब पोचतो, मात्र आयुष्य कमी. बुलेटच्या थरथराटात ते आणखी कमी. परवडत असेल तर लावा, पण एक साधा बल्ब टूलबॉक्समध्ये ठेवा. निळ्या काचेचे ‘एक्स्ट्रा व्हाइट’ बल्ब घेऊ नका. निळा रंग उजेड अडवूनच तयार होतो, म्हणजे पैसे देऊन आपण काळोख विकत घेतो. आणि बल्बाच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसून मग बसवा.

रिफ्लेक्टरमध्ये डोकावून बघा. धूसर, पिवळट, काळे डाग असलेला असेल तर वरचं सगळं करूनही अर्धं काम वाया. तो फडक्याने पुसायला जाऊ नका, मुलामा हाताला येतो. सरळ नवीन मूळ डूम घ्या. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात हमखास काम आहे, म्हणून ते कुणी सुचवत नाही.

आता फोकस. याला घाई करू नका. सपाट जागा, समोर भिंत, भिंतीपासून डूमपर्यंत ५ मीटर. टायरमध्ये हवा बरोबर. तुम्ही स्वतः गाडीवर बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर घेता येतील असं कुणाला तरी गाडी धरायला सांगा. डूमच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा, तिच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. डिपर लावला की उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर बसली पाहिजे. ५ सेंटिमीटर म्हणजे वर सांगितलेला १ टक्का. काही डूममध्ये ही कड सरळ आडवी असते, काहींत मधून डावीकडे वर चढत जाते, म्हणजे आपल्या कडेचा रस्ता आणि तिथून चालणारी माणसं लांबून दिसावीत. दोन्ही ठीक. कड अजिबातच दिसत नसेल, नुसता धुरकट गोळा असेल, तर बल्ब नीट बसलेला नाही किंवा रिफ्लेक्टर गेला आहे.

मागे माणूस बसत असेल तर हे सगळं पुन्हा बघावं लागतं. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर १३७ सेंटिमीटरच्या आसपास. मागची बाजू फक्त ३ सेंटिमीटर जास्त दबली तरी गाडीचं नाक २ टक्क्यांहून जास्त वर होतं. म्हणजे १ टक्का खाली असलेला उजेड आता १ टक्का वर गेला, समोरच्याच्या डोळ्यात. समोरचा रागाने अप्पर मारतो, तुम्हाला काही दिसत नाही, आणि तुम्ही म्हणता उजेड कमी पडतोय. रोज दोघं जात असाल तर मागचे शॉकअप एक-दोन खाचा कडक करा आणि दोघं बसून फोकस लावा.

आता एलईडी. यात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, तुमच्या हॅलोजनच्या डूममध्ये बसणारा एलईडी बल्ब. दुसरी, एलईडीसाठीच बनवलेला अख्खा डूम.

पहिल्याबद्दल माझं मत पक्कं आहे: नको. एच४ बल्बात दोन फिलामेंट असतात. डिपरचं फिलामेंट थोडं पुढे असतं आणि त्याच्या खाली पत्र्याची बारीकशी वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर येतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या बारीक तारेची जागा धरून कापलेला असतो. तिथे जाड पट्टीच्या दोन अंगांना चिप चिकटवलेला एलईडी आला की मिलिमीटरभर जागा चुकते, उजेडाचा ठिपका मोठा होतो आणि कड फुटते. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक असा बल्ब लावून आले होते. तक्रार ही की झाडांच्या शेंड्यांवर उजेड छान पडतो, खड्डे दिसत नाहीत. भिंतीसमोर गाडी लावली तर कड कुठेच सापडेना. खाली झुकवावा तर लांबचं जातं, वर करावा तर समोरचा शिव्या घालतो. जुना बल्ब, नवी अर्थ आणि फोकस, एवढ्यावर त्यांचं काम झालं. डबीवरच्या २०,००० ल्युमेनकडेही दुर्लक्ष करा. २५-३० वॅट खाणारा एलईडी तेवढं देऊच शकत नाही.

दुसऱ्या वस्तूला, म्हणजे एलईडीच्या चांगल्या अख्ख्या डूमला, माझा विरोध नाही. २०२४ पासून क्लासिकला कंपनीनेच एलईडी हेडलाइट दिला आहे. चांगल्या डूममध्ये स्वतःची भिंगं किंवा पैलू असतात, कड सुरीसारखी असते, करंट कमी लागतो, आणि आत करंट सांभाळणारं सर्किट (ड्रायव्हर) असल्याने व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी उजेड तेवढाच राहतो. पण घेताना दोन गोष्टी तपासा. हे सात इंची गोल डूम जीपसाठी जगभर बनतात आणि त्यातले बरेच उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी असतात. त्यांची कड उजवीकडे वर चढते, म्हणजे आपल्याकडे नेमकी समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. युरोपीय मान्यतेच्या डूमच्या काचेवर गोलात ई अक्षर आणि बाण असतो. डूमसमोर उभं राहून बघताना बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. दोन्हीकडे टोकं असलेला बाण असेल तर दोन्हींसाठी. कड एका बाजूला चढणारी असून बाणच नसेल तर तो आपला नाही. नुसतं डॉट लिहिलेलं असेल तर तो अमेरिकेचा माल, तोही नको. दुसरी गोष्ट, वायर एसीवर असेल तर बहुतेक एलईडी डूम लुकलुकतात किंवा जळतात.

अजून एक, आपल्या भागापुरतं. हॅलोजन डूम आतून तापतो, पावसात शिरलेली वाफ त्या उबेने उडून जाते. एलईडीची काच थंड राहते. कोयनेच्या पावसात जरा हलक्या सीलचा डूम आठ दिवसांत आतून धुकट होतो. आणि एलईडीचा पांढरा-निळसर उजेड, साडेसहा हजार केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका निळसर) आसपासचा, कोरड्या रस्त्यावर झकास वाटतो, पण ओल्या काळ्या डांबरावर आणि धुक्यात डोळ्याला त्रास देतो. घेतलाच तर ४ ते ५ हजार केल्विनचा बघा.

धुक्याचं वेगळं सांगतो, कारण कुंभार्लीत वरच्या वळणांवर जूनपासून तेच आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा उजेड त्यातून आरपार जातो आणि पांढरा अडतो असं काही होत नाही. त्रास होतो तो उजेड डोळ्यासमोरच्या थेंबांवरून परत येण्याचा. दिवा डोळ्याच्या जितका जवळ आणि उजेड जितका वर, तितकी ती पांढरी भिंत जाड. म्हणून धुक्यात अप्पर कधीच नाही. खाली, लेगगार्डवर बसवलेले, पसरट आणि वरून कापलेल्या उजेडाचे फॉग लॅम्प उपयोगी पडतात, तेही वेगळ्या स्विचवर आणि वेगळ्या रिलेवर. पसरट उजेडाचा दुसरा फायदा वळणांवर आहे. मोटारसायकल डावीकडे झुकली की हेडलाइटची कडही झुकते: डावी बाजू खाली, उजवी वर. म्हणजे ज्या बाजूला वळायचंय तिथेच काळोख, आणि समोरच्याच्या डोळ्यात उजेड. कुठलाही बल्ब हे बदलत नाही. खालचा रुंद उजेड मात्र वळणाच्या आतली कड थोडीफार दाखवतो. तिथे काळा गवा उभा असेल तर तेवढाच आधार, कारण त्याच्या अंगावरून उजेड परत येतच नाही. दुकानातल्या त्या चौकोनी, नुसत्या पांढऱ्या प्रखर पट्ट्या फॉग लॅम्प नव्हेत. त्या लावून समोरच्या एसटीवाल्याला आंधळा करण्यात आपलंच मरण आहे.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मर्यादा आहेत, म्हणून मान्यतेची खूण नसलेला डूम किंवा जादा दिवे लावण्याआधी आरटीओत विचारा. रिले, नवी वायर आणि त्याच वॅटचा बल्ब यात मूळ रचना बदलत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो: आधी फोकस, मग मीटर, मग रिफ्लेक्टर आणि बल्ब, मग डीसी असेल तर रिले, आणि एवढं करून आठवडाभर घाट चालवून बघितल्यावर वाटलं तरच फॉग लॅम्प किंवा एलईडीचा डूम. पहिल्या दोन पायऱ्यांना खर्च जवळजवळ नाही, म्हणून त्या आधी. उलट क्रमाने गेलात तर डूमही बदलेल, वायरिंगही तेच राहील आणि खाली मान घालणारा फोकसही.

हेल्मेटची काचही एकदा उजेडासमोर धरून बघा. बारीक ओरखडे असलेल्या काचेतून समोरच्या गाडीचा उजेड चांदणीसारखा फुटतो, आणि डिपरवर दिसत नाही यातला काही भाग त्या काचेचाच असतो. रात्री काळी किंवा धुरकट काच वापरत असाल तर आधी ती बदला.

बॅटरीवरचा आणि होल्डरवरचा, दोन्ही आकडे कळवा, आणि इंजिन बंद असताना हेडलाइट लागतो का तेही. लागत नसेल तर रिले सध्या घेऊच नका, पुढचं काम वेगळं निघेल.